वळचणीचा डोळा

बल्गेरियातल्या येलोवित्सा गावचा लाझार ट्रकवाला हा मुळात वाईट माणूस नव्हे, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. लहानपणी तर तो इतका भिडस्त होता, की दुकानात साखर मागायला पाठवलं तर मीठ घेऊन यायचा, कारण पुढे उभ्या असलेल्या बाईनं मीठ मागितलेलं असायचं आणि वेगळं काही मागायची त्याला लाज वाटायची.

त्याची भीड मोडली ती शेजारच्या बाय गेन्चोनं. वयानं थोर पुरुषाला आमच्याकडे 'बाय' म्हणतात, 'दादा' म्हणावं तसं. गेन्चो तेव्हा सहकारी शेतीवर ट्रॅक्टर चालवायचा. एक दिवस त्यानं लाझारला उचलून ट्रॅक्टरवर बसवलं आणि म्हणाला, "घे, पळव." लाझारनं पळवला आणि नेऊन थेट बदकांच्या तळ्यात घातला. अध्यक्ष धोतराला आग लागल्यासारखे धावत आले म्हणावं, तर ते विजार घालायचे. पण धावले तसेच. तोवर गेन्चोनं लाझारला लव्हाळ्यामागे ढकललं होतं आणि स्वतः गुडघाभर पाण्यात उभा राहिला होता.

"हे काय, गेन्चो?"

"ब्रेक तपासत होतो, साहेब."

"तळ्यात?"

"मग काय झाडावर तपासू?"

गेन्चोला महिनाभर ट्रॅक्टरवरून उतरवून गोठ्यात शेण काढायला लावलं. ट्रॅक्टर कुणी घातला ते गावाला कधीच कळलं नाही. लाझारला मात्र रोज कळत होतं, कारण शेणाची पाटी घेऊन जाताना गेन्चो त्याला डोळा मारायचा.

दोन घरांच्या मधे लाकडी कुंपण, आणि त्या कुंपणात एक बुटकं फाटक. असं फाटक आमच्याकडे सगळ्या शेजाऱ्यांत असतं. त्याला कडी असते, पण ती लावत नाहीत. मीठ संपलं, या फाटकातून. कोंबडी पलीकडे गेली, या फाटकातून. लाझारची आई वारली तेव्हा लाझार स्पेनमध्ये माल उतरवत होता. तिला आंघोळ घालायला लेल्या दोन्का, म्हणजे दोन्कामावशी, गेन्चोची बायको, याच फाटकातून आली, आणि थडगं खणायची कुदळ घेऊन गेन्चो याच फाटकातून बाहेर पडला. लाझार पोचला तेव्हा सगळं उरकलं होतं. त्याच्या मनातला तो काटा कधी निघाला नाही, आणि हे सगळं त्या काट्यामुळेच घडलं असं म्हटलं तरी चालेल.

कारण आता घरी म्हातारा बाप एकटा राहिला. पेत्को त्याचं नाव. गाव रिकामं होत चाललेलं, तरणी माणसं परदेशात, आणि रिकाम्या घरांवर चोरांचा डोळा. एका घराचं तर लोखंडी फाटकच उचलून नेलं. कुलूप मात्र साखळीसकट खांबाला तसंच लोंबत होतं, इमानदार पहारेकऱ्यासारखं. लाझारनं ते ऐकलं आणि ईस्टरच्या सुट्टीत येताना जर्मनीतून कॅमेरे घेऊन आला. एक लावला रस्त्याच्या दारावर, एक बापाच्या बाकासमोर घराच्या वळचणीला. सिमकार्ड घातलेला एक डबा कपाटावर ठेवला. झालं. आता युरोपात कुठेही ट्रक उभा करावा, फोन उघडावा, की अंगण हातात.

"हे काय आहे, ताते?" बापानं विचारलं. आमच्याकडे लेक बापाला 'ताते' म्हणतो आणि बाप लाडात आला की लेकालाही 'ताते'च म्हणतो. कुणी कुणाला हाक मारली ते आवाजावरून ओळखायचं.

"डोळा आहे. मी कुठेही असलो तरी तुला बघेन."

"आणि मी तुला?"

"तुला नाही दिसणार."

"मग हा कसला डोळा? ही तर फट. दाराच्या फटीतून बघतात तसलं."

पण म्हातारा बोलला तसा वागला नाही. दुसऱ्या दिवसापासून सकाळी बाकावर बसण्याआधी वळचणीकडे बघून टोपी काढायचा. जेवण झालं की रिकामी ताटली वर करून दाखवायचा. टोमॅटो पिकला की टोमॅटो दाखवायचा. त्या कॅमेऱ्यातून लाझारला बोलताही यायचं, हे म्हाताऱ्याला कुणी सांगितलं नव्हतं. एकदा त्यानं भरलेली वाटी दाखवली, तर वळचणीतून आवाज आला, "ताते, हे कालचंच सूप आहे!" वाटी एकीकडे, कोंबड्या चौफेर, आणि कुंपणापलीकडे लेल्या दोन्कानं छातीवर क्रूस काढला.

"पेत्को, तुझ्या वळचणीत कोण बोललं रे?"

"माझा लेक. ऑस्ट्रियातून."

"मग जरा हळू बोल म्हणावं. इतक्या लांबून ओरडून घसा बसेल पोराचा."

गेन्चोला तर हा खेळच मिळाला. येता-जाता कॅमेऱ्यासमोर थांबायचा. "लाझार, नीट दिसतो का मी? डाव्या अंगानं घे, ती बाजू जरा देखणी आहे."

उन्हाळ्यात लाझार आला तेव्हा त्यानं तिसरा कॅमेरा बसवला. मागच्या अंगणात, आलुबुखारच्या झाडात, तळघराच्या दाराकडे तोंड करून. हा मात्र त्यानं कुणाला सांगितला नाही. बापालाही नाही. चोराला सांगून का पहारा ठेवतात?

आता कढईबद्दल सांगायला हवं. तळघरात एक भली थोरली तांब्याची कढई होती. लाझारच्या आज्यानं आणि गेन्चोच्या बापानं मिळून मठाच्या जत्रेत घेतलेली. अर्धी याची, अर्धी त्याची. "तळ तुझा, कड्या माझ्या," असं म्हणत दोघे म्हातारे मरेपर्यंत हसले. शरदात लाल मिरच्या भाजून त्यांची ल्युतेनित्सा ही घट्ट चटणी शिजवायची ती याच कढईत, दोन्ही घरांची एकदम, आणि बरण्या वाटून घ्यायच्या. कढई एका वर्षी कुंपणाच्या या बाजूला राहायची, एका वर्षी त्या. लहानपणी लाझारनं स्वतः ती डोक्यावर पालथी घालून कितीदा तरी बुटक्या फाटकातून नेली होती. डोक्यावर घेतली की समोरचं काही दिसत नाही, फक्त स्वतःचे पाय दिसतात, आणि आत श्वास घुमतो. हे त्याला ठाऊक होतं. दुसऱ्या कुणाला नसेल इतकं त्याला ठाऊक होतं.

तर मिरच्यांचे दिवस होते. सगळं गाव भाजलेल्या मिरच्यांच्या वासानं खोकत होतं. पेत्को सकाळच्या बसनं रक्तदाब दाखवायला शहरात गेलेला. आणि नेमका त्याच दिवशी चौकात कल्हईवाला आला. कल्हईवाला हल्ली वर्षातून एकदा, फार तर दोनदा फिरकतो. आला की गाठावा लागतो. गेन्चोनं दोन्काला सांगितलं, "पेत्को येईतो हा निघून जाईल. मी आणतो कढई." आणि फाटकातून वाकून तो पेत्कोच्या अंगणात आला, जसा जन्मभर येत होता.

तिकडे ऑस्ट्रियात लाझार एका गोदामाबाहेर रांगेत ताटकळत होता. त्याच सकाळी तिथल्या चौकीदारानं त्याची बल्गेरियन नंबराची पाटी बघितली, आणि दुसऱ्या कुणाची नाही, फक्त त्याच्या केबिनची झडती घेतली. गादी उचलून. आईच्या फोटोमागे हात घालून. लाझारनं गादी पुन्हा पसरली, फोटो सरळ केला आणि राग गिळला. तो राग अजून उतरला नव्हता, तोच फोन वाजला. 'हालचाल आढळली.'

त्यानं बघितलं. पाठमोरा माणूस. तळघराचं दार उघडं. डोक्यावर तांब्याची कढई. आणि पेत्कोचा शारो कुत्रा त्या माणसाच्या पायांत शेपूट हलवत, उड्या मारत चाललेला. कुत्र्यानं ओळखलं, लाझारला ओळखवलं नाही. त्याला फक्त तांबं दिसलं.

आधी त्यानं ती चित्रफीत गावाच्या फोनवरच्या ग्रुपवर टाकली. खाली लिहिलं, 'आमच्या घरात चोर. जवळ असाल ते धावा.' मग बोलायचं बटण दाबून सगळा जोर एकवटून ओरडला, "ए चोरा! ठेव ते खाली! पोलीस येताहेत!"

झाडातून आवाज फुटला आणि कढई पडली. ती पडल्याचा नाद, लोक सांगतात, चर्चपर्यंत ऐकू गेला. कढईखालचं तोंड उघडं पडलं, गेन्चोचं. एक कान लाल झालेला. तो इकडे तिकडे बघत राहिला, आणि मग फांदीतला तो काळा डोळा त्याला सापडला. डोळ्याशेजारी बारीकसा लाल दिवा.

"लाझार?" तो म्हणाला. "तू आहेस का रे?"

लाझारचं बोट बटणावर होतं. एक शब्द पुरला असता. 'मीच रे, बाय गेन्चो, चुकलो,' एवढं म्हणायचं, गेन्चोनं एक इरसाल शिवी हासडायची, दोघांनी हसायचं, संध्याकाळी रकियाच्या घोटाबरोबर पेत्कोला सांगायचं. एवढीशी गोष्ट. पण लाजेनं जीभ टाळ्याला चिकटली. लहानपणी दुकानात चिकटायची तशीच. त्यानं बोट उचललं.

गेन्चो थांबला होता. मग त्यानं दोन्ही हात विजारीला पुसले, ते रिकामे आहेत असं दाखवावं तसे थोडे पुढे केले, आणि वळला. वाकून फाटकातून गेला. आणि पलीकडून कडी लागल्याचा आवाज झाला. त्या कडीचा आवाज कसा असतो हे लाझारनं उभ्या जन्मात पहिल्यांदा ऐकलं.

चित्रफीत त्यानं लगेच पुसून टाकली, पण गावाच्या तोंडातून घास काढता येईल, बातमी नाही निघायची. स्पेनहून कुणी लिहिलं, 'अरे हा तर गेन्चो!' जर्मनीहून कुणी लिहिलं, 'म्हातारपणी हात लांब होतात.' कल्हईवाला गेला. कढई दोन दिवस अंगणात तशीच पालथी पडून राहिली.

संध्याकाळी बापाचा फोन आला.

"कढई अर्धी गेन्चोची आहे, ताते."

"ठाऊक आहे मला."

"ठाऊक आहे? मला वाटलं विसरलास." मग फोन ठेवता ठेवता म्हातारा म्हणाला, "विसरला असतास तर बरं झालं असतं."

आठवड्याच्या आत गेन्चोनं बुटक्या फाटकावर आडवी फळी ठोकली. भांडण नाही, तक्रार नाही. त्या वर्षी दोन्ही घरांत ल्युतेनित्सा झाली नाही. पेत्को सकाळी टोपी काढायचा, पण आता टोमॅटो दाखवत नव्हता.

मग आला पेत्कोवदेन, संत पेत्काचा दिवस. ज्याचं नाव पेत्को त्याच्या नावाचा सण. वाढदिवसाला पाहुणे बोलवावे लागतात. नावाच्या दिवशी कुणी कुणाला बोलवत नाही. बोलावणं केलं तर उलट अपमान. दार उघडं ठेवायचं, टेबल मांडायचं, आणि ज्याला तुम्ही हवे आहात तो येतो. दरवर्षी पेत्कोकडे बाकं कमी पडायची. पहिला यायचा गेन्चो, बुटक्या फाटकातून, सकाळीच, 'मी मदतीला आलोय' म्हणत बाटलीला हात घालायचा.

यंदा सण पडला रविवारी. रविवारी ट्रकना हमरस्त्यावर बंदी, म्हणून लाझार हंगेरीच्या सरहद्दीजवळ तळावर अडकून पडला होता. केबिनमध्ये बसून त्यानं फोन उघडला.

द्राक्षाच्या मांडवाखाली टेबल मांडलेलं. पांढरी चादर, लाझारच्या आईच्या हातची. चीज भरलेली पापुद्र्याची बानित्सा, कोंबडी-भात, लाल वाइनचा घडा, सफरचंदं. पेत्को पांढऱ्या सदऱ्यात, दाढी करून, गालावर कापलं तिथे कागदाचा तुकडा चिकटवलेला. दार सताड उघडं.

फोन वाजला. 'हालचाल आढळली.' रस्त्यावरून पोस्टमन येत होता. दाराशी आला, वर कॅमेऱ्याकडे बघितलं, पायरीवर एक बाटली ठेवली आणि चालता झाला. मग चर्चमधून दोन बायका आल्या. एकीनं दुसरीला कोपर मारलं, वर बोट दाखवलं. "नको बाई, उद्या मला ढापलेली सफरचंदं खाताना दाखवतील," असं काहीसं म्हणाली. दोघी हसल्या, पण आत नाही आल्या. प्रत्येक वेळी फोन इमानेइतबारे वाजत होता. न आलेल्या एकेका पाहुण्याची वर्दी देत होता.

दुपार कलली. भातावर माशा बसायला लागल्या. म्हाताऱ्यानं ताटल्यांवर फडकं घातलं. तेवढ्यात कुंपणावरून एक हात आला. फक्त हात, सुरकुतलेला, बाहीला पिठाचा डाग. त्यानं द्राक्षांची एक वाटी कुंपणाच्या खांबावर ठेवली आणि तो झटकन मागे गेला, विस्तवाला लागल्यासारखा. लेल्या दोन्काचा हात. फोन वाजला, 'हालचाल आढळली.' ज्या हातांनी आपल्या आईला शेवटची आंघोळ घातली त्या हातांना आपण चोरासारखं यायला लावलं, हे लाझारला कळलं, आणि त्यानं फोन मांडीवर पालथा घातला.

पुन्हा उलटला तेव्हा बाप वळचणीखाली उभा होता. हातात पेला.

"ताते," तो वर बघून म्हणाला, "बघतोयस ना? चल, मग तूच माझा पाहुणा."

लाझारनं केबिनमधली पाण्याची बाटली उचलली. बापाला ती दिसणार नव्हती. बोलायचं बटण दाबलं. "ताते, मी... मी इथूनच गेन्चोची माफी मागतो. मोठ्यानं. ऐकू जाईल त्याला."

म्हाताऱ्यानं एकदम हात वर केला. "खबरदार! वळचणीतून शिव्या देतात चिमण्या. माणूस माफी मागतो तो पायांनी येऊन."

सोमवारी बंदी उठली तसा लाझार निघाला. फरशांनी भरलेला ट्रक सोफियाला जायचा होता. तो येलोवित्साच्या चौकात येऊन उभा राहिला आणि दुकानाचं दारच अडलं. दुकानदारीण ओरडत राहिली. लाझार पायी गेला, आणि आयुष्यात पहिल्यांदा गेन्चोचं रस्त्याकडचं दार वाजवलं.

"कोण?"

"मी, बाय गेन्चो. लाझार."

"कुठून बोलतोयस? वर बघू की खाली?"

"दारातून."

"दारातून? म्हणजे माणूसच आलाय म्हणायचा." दार उघडलं. "थांब, टोपी नीट करतो. डावी बाजू घेतोस ना?"

आतून दोन्का म्हणाली, "अहो, आत घ्या त्याला, लोक बघताहेत."

"बघू देत की. गावाला आता बघायचीच सवय लागलीय."

लाझार वाटेत तीन देशांतून घोकत आणलेलं सगळं विसरला. "बाय गेन्चो," तो म्हणाला, "तू त्या दिवशी माझं नाव घेतलंस. मी ऐकलं होतं. मी तिथंच होतो."

"होतास. दिवा पेटलेला होता." गेन्चो उंबऱ्यावर बसला. "चोर म्हणालास त्याचं मला काही नाही, पोरा. डोक्यावर कढई घातलेला माणूस मला दिसला असता तर मीही बोंबललो असतो. पण..." त्यानं पुढचं गिळलं. बोटानं उंबऱ्यावरचा एक वाळका चिखलाचा पोपडा उकरत राहिला. "तळं आटलंय हल्ली. बघितलंस का येताना? बदकंही नाहीत आता."

लाझारला गुडघाभर पाण्यात उभा राहिलेला गेन्चो आठवला. त्यानं मान खाली घातली.

जरा वेळानं गेन्चो उठला, आत गेला आणि पकड घेऊन आला. "खिळे माझ्या बाजूनं ठोकलेत. तुझ्या बाजूनं निघणार नाहीत. काढ."

लाझारनं खिळे काढले. एक आतच तुटला. तो अजून तिथे आहे, बाही अडकते. फळी निघाली. पलीकडे पेत्को उभाच होता, जणू रविवारपासून तिथेच उभा होता.

"भात शिळा आहे," तो म्हणाला.

"मग रकिया ताजी काढ," गेन्चो म्हणाला.

लाझारनं बापाबरोबर टेबल पुन्हा मांडलं. आणि तेव्हा बुटक्या फाटकावर आवाज झाला. टक टक. पेत्को गोंधळला, त्या फाटकावर कुणी कधी टकटक केलेली त्याला आठवत नव्हती. वळून बघतो तर गेन्चो आपल्या बाजूला टोपी हातात घेऊन उभा. फाटक उघडंच होतं.

"अरे ये की! काय झालं तुला?"

"काही नाही," गेन्चो म्हणाला. "म्हटलं विचारून यावं."

खाल्लं, प्यायले, हसलेही. तळ्याची गोष्ट मात्र निघाली नाही. कल्हईवाला वसंतात येईल तेव्हा कढई कोण नेणार यावर दोघा म्हाताऱ्यांनी पैज लावली. निघण्यापूर्वी लाझारनं झाडातला डोळा काढला, दारावरचा काढला. वळचणीच्या डोळ्याला हात घातला तर बाप म्हणाला, "तो राहू दे. सकाळी टोपी कुणाला काढू?"

म्हणून तो एक राहिला. त्यात बाक दिसतो, म्हातारा दिसतो, कोंबड्या दिसतात. बुटकं फाटक दिसत नाही. पण कॅमेऱ्याला कान आहेत. सकाळी कुठल्या तरी परक्या गोदामाच्या रांगेत लाझार फोन उघडतो, बाप टोपी काढतो, आणि चित्राच्या बाहेरून आवाज येतो. टक टक.

"अरे ये, ये! दार उघडंच आहे!" पेत्को ओरडतो. रोज तेच ओरडतो.

दुसऱ्या दिवशी पुन्हा टक टक. फोनवर आवाज बंद करायचं बटण आहे. लाझार ते दाबत नाही.